मागच्या चाकाची वेसण

ऋतिकनं गाडी स्टँडवर लावलीच नाही. मन्नान ऑटोच्या दारातल्या लोखंडी खांबाला ती नुसती टेकवली आणि चावी जफरच्या पुढ्यात, पान्यांच्या पसाऱ्यात फेकली. मागच्या सीटवरून त्याचे आजोबा विठ्ठलराव एक पाय ओढत कसेबसे उतरले. त्यांना हात द्यायचं पोराला सुचलं नाही.

"मागचा ब्रेक पुन्हा गेला," तो म्हणाला. "पाय दाबला का नुसता बोंबलते. धरत काहीच नाही."

दुकानाच्या भिंतीला पाठ लावून पोत्यावर बसलेल्या हजराबीनं लसूण सोलणं थांबवलं नाही. डोळे तेवढे वर केले. बुटांपासून सुरुवात करून तिनं पोराला डोक्यापर्यंत पाहिलं. गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली पँट, भुवईत मारलेली चीर, आणि डोक्यावर केसांचा तुरा. एवढं पाहून झाल्यावर तिनं पुन्हा लसणात लक्ष घातलं, कारण लसूण जास्त कामाचा होता.

असल्या पोरांसाठीच कंपनीवाले हल्ली मागच्या चाकालाही थाळी लावतात, असं तिचं ठाम मत होतं. थाळी म्हणजे डिस्क, आणि तिला दोन्हीकडून चिमटीत धरणाऱ्या ब्रेकच्या पॅडना ती वड्या म्हणायची. जफरनं खरी नावं कितीदा तरी सांगितली होती. ज्या वस्तूला पाहिलं की वडीच आठवते, तिला दुसरं नाव कशाला शोधायचं, हे तिला कळत नव्हतं.

जफर गाडीपाशी उकिडवा बसला. "पाह्यतो, ऋतिकभाऊ," तो म्हणाला.

ते 'भाऊ' हजराबीच्या कानात खड्यासारखं गेलं. आपल्या निम्म्या वयाच्या पोराला भाऊ म्हणणारा हा तिचा मुलगा. हातात कसब बापाचं, आणि पाठीचा कणा कुणाचा कोण जाणे. मन्नानमियाँ असते तर आधी चावी उचलायला लावली असती, मग गाडीला हात लावला असता.

ऋतिकला मात्र बाजाराच्या दिवशी मिळालेले ऐकणारे सोडायचे नव्हते. अडाण नदीच्या पुलाशी पुढची एसटी अचानक थांबली आणि आपण तिच्या मागच्या काचेत शिरता शिरता राहिलो, हे त्यानं दोनदा सांगितलं. दुसऱ्या खेपेला एसटी जास्त जवळ आली होती. मन्नान ऑटोत खोटे पॅड टाकतात, असंही तो म्हणाला. पुण्याहून वडिलांचा फोन आला होता, की गाडी दारव्ह्याला शोरूममध्ये दाखव, आणि गावातही चार जणांना सांग, म्हणजे दुसऱ्या कुणाचा जीव जायचा नाही.

चार जणांना सांगायची गरज नव्हती. बाकड्यावर उत्तमसिंग बसला होता, ट्यूबचं पंक्चर निघायची वाट पाहत. उत्तमसिंग बकऱ्यांचा व्यापारी. आज बोरी अरब, उद्या दुसरा बाजार. त्याच्या कानात पडलेली गोष्ट बकऱ्यांच्या आधी विकली जायची. हजराबीनं त्याच्याकडे एक कटाक्ष टाकला. तो आत्तापासूनच ओठ चाटत होता.

दारावरच्या पाटीवर तिच्या नवऱ्याचं नाव होतं. सायकलींच्या काळापासून त्या नावावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. आता ह्या एका गाडीनं ते खाली यायला लागलं होतं. जफरनं पहिल्या खेपेला ब्रेकमधली हवा काढली, ऑइल बदललं. मग पॅड घासून दिले. त्यानंतर यवतमाळहून नवे कोरे आणून बसवले. प्रत्येक वेळी गाडी इथून जाताना पाय टेकताच थांबायची, आणि आठवडा उलटायच्या आत पुन्हा दारात रडत उभी राहायची. जफर जेवताना घास हातात धरून बसू लागला होता. रस्त्यापलीकडे नवं गॅरेज निघालं होतं, आणि जुनी गिऱ्हाइकं तिकडे वळताना हजराबीकडे न पाहता वळत होती. त्या न पाहण्याची तिला सर्वांत जास्त चीड होती.

विठ्ठलराव अजून गाडीपाशीच होते. ते वाकले, आणि उलटा हात हळूच मागच्या थाळीजवळ नेला. टेकवला नाही, आच घेतली नुसती. मग तोंडानं 'च्च, च्च' केलं.

"आबा, हात पोळन ना. तिकडं बसा," ऋतिक खेकसला.

विठ्ठलराव गुमान येऊन बाकड्याच्या टोकाला बसले. हजराबीला त्यांचीही कीव येत नसे. बायको वच्छलाबाई होती तोवर घर तिनं हाकलं, आणि हे बैलांमागे फिरले. ती गेली, मुलगा पुण्याला, शेती ट्रॅक्टरवाल्याकडे, आणि कॉलेजातून परत आलेला हा तुरेवाला घरात मालक. पुरुषानं एवढं गप्प बसावं तरी किती. स्वतःच्याच घरात पाहुणा झालेला माणूस, असं ती त्यांच्याविषयी मनात म्हणायची, आणि कधी कधी मोठ्यानंही.

ऋतिकनं उत्तमसिंगला पाहून आवाजात गंमत आणली. म्हाताऱ्याचं नवीन ऐकलं का, त्यानं विचारलं. बैलजोडी यंदा महागावच्या एका माणसाला विकली. तर पोळ्याच्या दिवशी आबा कुणाला न सांगता एसटीत बसून महागावला पोचले, आणि आमची जोडी कुठं बांधली म्हणून बाजारभर विचारत फिरले. संध्याकाळी ठाण्यातून फोन. पोलिसानं चहा पाजून बसवून ठेवलं होतं.

उत्तमसिंग मांडीवर थाप मारून हसला.

"बाबानं आता साफ सांगतलं," ऋतिक म्हणाला. "आणखी एक असं काही केलं, का सरळ पुण्याले. चौथा मजला आहे. बाहेरून कडी लावून ड्युटीवर जातात सगळे. मंग फिरा म्हणा कुठं फिरता तं."

विठ्ठलराव हे दुसऱ्या कुणाविषयी चाललं असावं तसे गाडीकडे पाहत राहिले.

एव्हाना जफरनं पॅड काढून हातावर घेतले होते. काचेसारखे चमकत होते. त्यानं अंगठा फिरवला, बोटं एकमेकांवर घासली. हे काहीतरी पिऊन बसलेत, तो म्हणाला. पण पाजलं कुणी? पिस्टन कोरडा होता, नळीला गळती नव्हती, साखळीला ग्रीस होतं तितकंच होतं.

"तुमच्याच हाताचं असन," ऋतिक म्हणाला.

जफरचे कान लाल झाले. तो उठला आणि आईकडे आला. हे आगीवर धरले तर आतलं बाहेर येईल, मग कशाचं आहे ते कळेल. तिचा जुना तवा मिळेल का?

"घे," हजराबी म्हणाली. "भाकरी खाणारे गेले, आता लोखंड भाजा."

तवा तिनंच दुकानातल्या चहाच्या शेगडीवर ठेवला. जफरनं पॅड त्यावर मांडले. थोडा वेळ काही झालं नाही. मग कडेनं बारीक बुडबुडे फुटले, आणि धूर निघाला.

जफर वाकला, ऋतिक वाकला, उत्तमसिंगही ट्यूब विसरून येऊन वाकला. तिघांनी नाकं ओढली आणि एकमेकांकडे पाहिलं. पुरुषांची नाकं, बायकोनं डाळ करपवली तरी ताटात आल्यावर कळतं ह्यांना. हजराबी गुडघ्यावर हात ठेवून उठली, त्यांना कोपरानं बाजूला केलं आणि धुरात तोंड घातलं.

ऑइल नव्हतं. ह्या घरात नांदायला आली तेव्हापासून ऑइल, ग्रीस, रॉकेल, पेट्रोल हे सगळे वास तिनं नवऱ्याच्या सदऱ्यांतून धुतले होते. हा वास दुकानातला नव्हता, चुलीपुढचा होता. तूप. घरचं, लोण्याचं, करपलेलं. आणि तुपात हळद.

ती गाडीपाशी गेली. चाकामागच्या खोबणीत, जिथं फडकं पोचत नाही तिथं, पिवळी रेघ वाळली होती.

ऋतिकच्या घरात तुपाचा डबा कुठल्या फळीवर असतो हे ऋतिकला ठाऊक असणं शक्य नव्हतं. हजराबीनं मान वळवली. बाकड्याच्या टोकाला विठ्ठलराव बसले होते. हात मांडीवर, नखं आतपर्यंत पिवळी. ती पाहतेय हे ध्यानात आल्यावर त्यांनी बोटं मिटली. ओशाळून नव्हे, खाजगी काम चालू असताना कुणी दारात यावं, तसं.

मग तिला सगळं एकदमच दिसलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी हे लोक बैलांचे खांदे शेकतात, जुवानं जिथं घासून घासून आग झालेली असते तिथं हळद-तूप चोळतात. जोडी गेली. दावणीच्या जागी हे जनावर उभं राहिलं. दिवसभर ह्या तुरेवाल्याला पाठीवर घेऊन उंडारायचं, आणि घरी यायचं तेव्हा अंगाची एक जागा तापून लाल. त्यात ते ओरडत होतं. म्हाताऱ्यानं आच पाहिली असेल. खांदा सुजून आला, असं म्हणाला असेल. आणि पोळा संपला तरी रोज शेकत राहिला असेल, कारण जनावर रोजच तापून येत होतं.

इतका मूर्खपणा तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. आणि इतका मोठा विजयही कधी हातात आला नव्हता. एक वाक्य. उत्तमसिंग हजर होता, बाजार भरला होता. वाक्य जिभेवर तयार होतं, चांगलं धार लावलेलं: आपल्या घरचं तूप आपणच ब्रेकला चारायचं अन् बोंब दुसऱ्याच्या दारात येऊन मारायची. ह्या पोराचा तुरा जागच्या जागी बसला असता. पाटी धुऊन निघाली असती.

"अम्मी," जफर तव्यावरून मान वर करून म्हणाला, "हे तं तूप—"

"तूप?" ऋतिक म्हणाला. आणि त्याची मान हळूहळू बाकड्याकडे वळायला लागली. "आबा..."

"तूप कायचं, डोंबल," हजराबी म्हणाली. "माझं तेल आहे ते."

सगळे तिच्याकडे पाहायला लागले.

"गुडघ्याचं. तिळाचं तेल, लसूण अन् हळद. रोज चोळतो मी इथंच बसून. मंग उठाले काही तरी धरा लागते का नाही? गाडी बाजूलेच उभी असते. धरतो ती थाळी अन् उठतो."

"रोज?" ऋतिकनं विचारलं.

"जवा जवा तुही गाडी इथं आली, तवा तवा. म्या धरली नसन तं कोणं धरली?"

मग उत्तमसिंग असा हसला, की पलीकडच्या चहावाल्यानं वळून पाहिलं. दादीनं ब्रेकची मालिश केली, तो म्हणाला. गुडघा बरा झाला अन् गाडी लंगडली. ऋतिकही हसला, आणि हसताना त्याचा चेहरा प्रथमच त्याच्या वयाचा दिसला. हजराबीला तो त्या वेळी आणखीच बिनकामाचा वाटला. चहावाला काय झालं म्हणून विचारत आला, तेव्हा उत्तमसिंगनं त्याला पहिल्यापासून सांगितलं. तिनं ते सगळं उभ्यानं ऐकलं. इतर दिवशी तिच्याविषयी एवढं बोलून कुणी त्या दुकानातून दोन्ही कानांनिशी गेलं नसतं.

"अम्मी, तुम्ही कवा—" जफरनं सुरू केलं.

"तू चूप. नव्या वड्या काढ. आपल्याकडून टाक."

जफरनं तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या गुडघ्याला तेल कोण लावतं, किती वेळा लावतं, आणि त्यात हळद असते का, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तो मान खाली घालून आत पॅड शोधायला गेला. काम होईपर्यंत ऋतिक चहावाल्याबरोबर आलुबोंडे खायला गेला, आणि पंक्चरची ट्यूब तशीच टाकून उत्तमसिंगही त्याच्यामागे गेला. एवढी ताजी गोष्ट बाकड्यावर बसून वाया घालवण्यासारखी नव्हती.

हजराबी बाकड्यापाशी आली. विठ्ठलरावांकडे न बघता, रस्त्याकडे तोंड करून ती बोलायला लागली. आवाज हळू, पण त्यातलं तिखट कमी नव्हतं.

"जल्मभर बैल वागवले तुम्ही, विठ्ठलभाऊ?"

"हो ना बाई."

"मंग खांदा कुठं असते, ठाऊक नाही?"

विठ्ठलरावांनी गाडीकडे बोट केलं. "ते तापते. रोज तापून येते. हात ठेववत नाही."

"तो खांदा नाही. ते तिची वेसण आहे."

विठ्ठलराव चमकले. "वेसण? मागं?"

"कंपनीवाल्याइले अक्कल असती तं समोर दिली असती. वेसण ओढली का जनावर थांबते, थांबते ना? तसं हे थांबते. आता तुमी वेसणीले तूप लावता. सांगा मले, तूप लावलेली वेसण हातात राह्यते काय?"

म्हातारा विचार करू लागला. हजराबीनं घाई केली नाही. त्यांची बोटं मांडीवर हळूहळू मिटली, काही तरी धरून ओढल्यासारखी, आणि ते नसलेलं काही तरी त्यांच्या मुठीतून निसटलं असावं. त्यांचा चेहरा उतरला.

"पोरगं पडलं असतं," ते म्हणाले.

"एसटीखाली गेलं असतं. त्याचं मले काही नाही, असे गल्लोगल्ली पडले आहेत. पण तुमाले तं तेवढंच एक आहे."

"मंग ओरडते काहून ते?"

"नवी वेसण टोचते. थोडी ओरडन, मंग राह्यन. तुमच्या बैलानं काय हसत हसत टोचून घेतली होती?"

विठ्ठलरावांना हे पटलेलं दिसलं. त्यांनी मान डोलावली, बराच वेळ डोलावली. मग जरा पुढं झुकून, कुणी ऐकत नाही हे पाहून, विचारलं, "अन् खांदा?"

हजराबीनं गाडीच्या हँडलवर तळवा आपटला. "हा. जू इथं आहे. लावायचं तं इथं लावा, बोटभर, अन् पुसून घ्या. कोणी पाहीन असं लावू नका. कोणाले सांगू नका. त्या थाळीले हात लावला तं वच्छलाबाईची आण आहे तुमाले."

"नाही लावत," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "तुमी कायले आपल्यावर घेतलं, बाई?"

"तुमच्यासाठी नाही घेतलं," हजराबी म्हणाली. "ते चौथ्या मजल्याचं ऐकून माह्यं डोकं उठलं."

जफर नवे पॅड घेऊन बाहेर आला. त्यानं थाळी थिनरनं पुसली, फडकं पाहिलं, पुन्हा नव्या फडक्यानं पुसली. चाकामागची ती पिवळी रेघ त्यानं स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं खरवडून काढली, टोक नाकाशी नेलं, आणि पायजम्याला पुसून टाकलं. पॅड बसवले, पायानं दाबून दाबून ब्रेक भरला, चाक हातानं फिरवून पाहिलं. दाबताच चाक जागच्या जागी थांबलं.

ऋतिक परत आला तेव्हा त्याच्याबरोबर आणखी दोघं तिघं आली होती. त्यांना काही काम नव्हतं; तेल लावणारी म्हातारी पाहायची होती. ऋतिकनं रस्त्यावर एक चक्कर मारली, दुकानासमोर येऊन ब्रेक दाबला, आणि मागचं चाक मातीत रेघ ओढून थांबलं. तो खूश झाला. विठ्ठलराव मागे बसले. बसता बसता त्यांनी पुढं हात घालून हँडलला एकदा शिवल्यासारखं केलं. ऋतिकनं तो हात झटकला.

"अन् दादी," निघताना तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "आता गाड्यापासून दूर बसत जा. म्हाताऱ्या माणसाईनं दुकानात लुडबुड करू नाही."

बघ्यांतलं कुणी तरी हसलं. जफरचा पाना हवेतच थांबला. असं बोलणाऱ्याचं पुढं काय होतं, हे त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं; तो खाली मान घालून वाट पाहत राहिला.

हजराबीनं ऋतिककडे पाहिलं. मग त्याच्या मागे, सीटला घट्ट धरून बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"बसत जाईन, बाबा," ती म्हणाली.

गाडी निघून गेली. बघे पांगले. जफर पाना हातात घेऊन तसाच आईकडे पाहत उभा होता.

"काय पाह्यतं?" हजराबी म्हणाली. "त्या बकऱ्यावाल्याची ट्यूब तशीच पडली आहे."